मजल्यांचा केक उभा कसा करायचा: नाशिकच्या नव्या होम बेकरांसाठी

वरच्या केकचं वजन खालच्या स्पंजने उचलायचं नसतं, काड्यांनी उचलायचं असतं. दोन किंवा तीन मजली केकची पहिली ऑर्डर घेण्याआधी एवढी गोष्ट डोक्यात पक्की बसली, की बोर्ड कुठला, काड्या किती, गाडीत कसा न्यायचा हे सगळं तिच्यावरूनच सुचत जातं. प्रत्येक मजला म्हणजे एक चौरंग समजा. बोर्ड ही त्याची फळी आणि खालच्या केकमध्ये खोचलेल्या काड्या हे त्याचे पाय. स्पंज आणि क्रीम त्या पायांभोवती नुसतं उभं असतं. पाय सरळ आणि एका उंचीचे असतील, तर वर एक किलो ठेवा की तीन, खालच्या केकवर भार येतच नाही.

या लेखात मजला म्हणजे गिऱ्हाईक ज्याला टिअर म्हणतं तो, आणि थर म्हणजे एका मजल्याच्या आतले स्पंजचे थर.

जुन्या पद्धतीच्या इंग्रजी लग्नाच्या केकला घट्ट फ्रूटकेक आणि वरून कडक रॉयल आयसिंग असायचं. तो मुळातच भक्कम. आपल्याकडची मागणी वेगळी: एगलेस, मऊ, सिरपने ओलसर केलेला स्पंज आणि भरपूर व्हिप क्रीम. खायला तो सुंदर लागतो, पण त्याला दाब सहन होत नाही. म्हणून आपल्याला आधाराचं काम जास्तच काळजीने करावं लागतं.

ऑर्डर घेताना

साधारण चार इंच उंचीचा, क्रीमचा सहा इंची केक एक किलोच्या आसपास भरतो. आठ इंचीला पावणेदोन ते दोन किलो धरा आणि दहा इंचीला पावणेतीन ते तीन. व्यास दोनच इंचांनी वाढला तरी वजन एवढं का वाढतं? कारण वजन क्षेत्रफळावर जातं: सहाचा वर्ग ३६, आठचा ६४, दहाचा १००. ‘तीन किलोचा दोन मजली’ असं कुणी म्हटलं, की सहावर आठ हा हिशोब बसतो. सहा, आठ, दहा असा तीन मजली केक साडेपाच-सहा किलोंच्या घरात जातो.

दोन मजल्यांत व्यासाचा फरक दोन इंचांचा ठेवला की चहूबाजूंनी एक इंचाची कड उरते. साध्या पायपिंगला (कोनातून क्रीमने काढलेल्या नक्षीला) तेवढी पुरते. गिऱ्हाइकाला फुलांची वेल हवी असेल तर फरक चार इंचांचा घ्या, म्हणजे सहाच्या खाली थेट दहा.

हो म्हणण्याआधी आपला फ्रिज मोजा. दहा इंची केक चौदा इंची बेसवर (सगळ्यात खालच्या मोठ्या बोर्डावर) बसवला, की घरातल्या साध्या फ्रिजच्या कप्प्यात तो बऱ्याचदा मावत नाही. कप्प्याची खोली, दोन जाळ्यांमधली उंची आणि दार बंद होतं का, हे तिन्ही रिकाम्या बोर्डावरच तपासून घ्या. शेजारच्या काकूंचा फ्रिज मागायचा असेल तर तेही आधीच ठरवा.

स्पंज, क्रीम आणि बसण्याचा वेळ

सगळ्यात खालच्या मजल्याला सिरप हात राखून लावा. वरच्या मजल्याला जितकं लावता तितकंच खाली लावलं, तर कडेचा स्पंज फुगतो आणि काड्या खोचताना भेगा पडतात. खालच्या मजल्यासाठी थोडा दाट स्पंज घ्यावा असं माझं ठाम मत आहे. कंडेन्स्ड मिल्कचा एगलेस स्पंज किंवा चॉकलेट मड केक तिथे चांगला टिकतो. वरच्या मजल्याला हवा तेवढा हलका चालेल.

फळांचं भरण हा नाशिकमध्ये नेहमी येणारा प्रश्न. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम, शिवाय सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरीही बाजारात असते. लोक हौसेने दोन्ही मागतात आणि ती द्यावीतही. पण कापलेलं फळ रस सोडतं आणि त्या रसावरून वरचा थर सरकतो. त्यामुळे फळांचं भरण सगळ्यात वरच्या मजल्यात ठेवा. खाली द्यायचंच असेल तर थराच्या कडेने घट्ट क्रीमची किंवा गनाशची (चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाची) जाड वर्तुळाकार रेघ घाला आणि फळ त्याच्या आत भरा. द्राक्षं अख्खी, धुऊन पूर्ण कोरडी केलेली आणि फक्त बाहेरच्या सजावटीला लावली, तर सगळ्यात उत्तम.

थर लावून झाले की मजला लगेच फायनल क्रीमने झाकू नका. पातळ क्रम कोट, म्हणजे स्पंजचा भुगा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला हात द्या, फ्रिजमध्ये दोन-तीन तास राहू द्या, वर हलकं ताट ठेवा. या वेळात थर आपल्याच वजनाने खाली बसतात. हे टाळलं तर नंतर हॉलवर बाजूने फुगवटा दिसतो, अगदी थर जिथे जुळतात त्याच रेषेत. त्यानंतर फायनल कोट आणि पुन्हा थंडावा. रचण्याआधी प्रत्येक मजला किमान पाच-सहा तास, जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये असावा. थंड केक हाताळायला घट्ट असतो आणि काडी त्यात सरळ जाते.

फाँडंट (लाटून केकवर घालायचं साखरेचं आवरण) हवं असेल तर आत व्हिप क्रीम चालत नाही. क्रीममधल्या ओलाव्याने फाँडंट विरघळायला लागतं. तिथे गनाश किंवा बटरक्रीमच लागेल.

बोर्ड

प्रत्येक मजल्याला स्वतःचा बोर्ड हवा. वरच्या मजल्यांचा बोर्ड स्पंजच्याच मापाचा कापून घ्या. क्रीमचा कोट त्याची कड झाकून टाकतो. दोन मजल्यांसाठी जाड पुठ्ठ्याचा बोर्ड पुरतो. तीन मजली असेल तर मधल्या मजल्याखाली तीन मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) घ्या, किंवा दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवा. कारण सर्वात वरच्या मजल्याच्या काड्या या मधल्या बोर्डावर उभ्या असतात. बोर्ड लवचिक असला तर त्या त्याला खाली वाकवतात आणि सगळ्यात वरचा मजला हळूहळू कलतो. उघडा एमडीएफ अन्नाला लागू देऊ नका, त्यावर फूड ग्रेड फॉइल किंवा लॅमिनेशन असलेलाच घ्या.

सगळ्यात खालचा बेस बारा मिलिमीटर जाडीचा आणि केकपेक्षा किमान तीन-चार इंच मोठा असावा. खालचा मजला त्यावर वितळवलेल्या चॉकलेटने किंवा घट्ट गनाशने चिकटवा. क्रीमने चिकटवलेला केक वळणावर सरकतो.

मधून आरपार दांडी घालायची असेल तर बोर्डांना मध्यभागी भोक केक लावण्याआधीच पाडून ठेवा. एमडीएफला तर ड्रिलशिवाय भोक पडत नाही.

काड्या: इथे घाई नको

काडी कसली घ्यायची ते आधी पाहू. बेकरी साहित्याच्या दुकानात पांढऱ्या पोकळ प्लॅस्टिकच्या डॉवेल मिळतात. नवख्या माणसाने यांच्यापासूनच सुरुवात करावी. पोकळ असल्यामुळे काडी आत जाते तेव्हा स्पंज नळीत शिरतो, बाजूला ढकलला जात नाही, म्हणून केक फुगत नाही. जाड असल्याने ती वाकतही नाही. बबल टीच्या जाड स्ट्रॉने पूर्वी हेच काम व्हायचं. पण १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि त्यांच्या जागी आलेल्या कागदी स्ट्रॉ ओलाव्याने लोळागोळा होतात. कागदी स्ट्रॉ आधाराला अजिबात वापरू नका.

लाकडी डॉवेल मजबूत असते, मात्र ती कापायला बारीक करवत लागते आणि टोक पॉलिश पेपरने घासावं लागतं, नाहीतर कुसळं केकमध्ये जातात. कबाबाच्या बांबूच्या काड्या बारीक असतात, वजनाखाली झुकतात, त्या सहा इंची मजल्यालाही मी सुचवणार नाही. टूथपिक तर केकच्या आत कुठेच नको, कारण ती खाणाऱ्याला दिसत नाही.

किती लावायच्या? वरच्या मजल्याच्या व्यासावर ठरवा. वर सहा इंची असेल तर चार-पाच, आठ इंची असेल तर सहा. पोकळ जाड डॉवेल असेल तर यातली कमी संख्या घ्या, बारीक लाकडी असेल तर जास्त. गरजेपेक्षा जास्त खोचून काही मिळत नाही. प्रत्येक काडी स्पंज तोडते आणि केक चाळणीसारखा होतो.

आता प्रत्यक्ष खोचणं. खालचा मजला फ्रिजमधून काढून टर्नटेबलवर घ्या. वरच्या मजल्याच्या मापाचा रिकामा बोर्ड किंवा टिन क्रीमवर अलगद टेकवा आणि टूथपिकने त्याच्या कडेने बारीक गोल रेघ ओढा. (टूथपिकचं काम एवढंच, लगेच बाजूला ठेवा.) या रेघेपासून आत एक इंचावर काड्यांच्या जागा खुणावा, सारख्या अंतरावर. रेघेच्या अगदी कडेला खोचल्या तर बोर्डाबाहेर डोकावतात, आणि फारच मधे घेतल्या तर वरचा मजला डुलतो.

पहिली काडी उभी सरळ खाली दाबा, बेसला टेकेपर्यंत. टेकल्याचं हाताला कळतं. क्रीमच्या पातळीवर पेनाऐवजी चाकूच्या टोकाने खूण करा, शाईची नको. काडी बाहेर काढा, पुसा, खुणेवर कापा. मग बाकी सगळ्या काड्या या एकाच काडीच्या मापाने कापा.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण नवखे इथेच अडकतात. प्रत्येक भोकात वेगळी काडी घालून तिथल्या तिथे माप घेतलं, तर प्रत्येक काडी केकच्या चढउताराप्रमाणे लहानमोठी होते. केक एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर खाली असला तर वरचा मजलाही तसाच तिरका बसतो. म्हणून पहिली काडी केकच्या सर्वात उंच जागी खोचायची आणि तेच माप सगळीकडे वापरायचं. जिथे केक खाली आहे तिथे फट राहते, ती पायपिंगने झाकता येते. तिरका मजला मात्र कशानेच झाकता येत नाही.

सगळ्या कापलेल्या काड्या टेबलावर शेजारीशेजारी उभ्या करा आणि डोळा त्यांच्या टोकांच्या पातळीवर आणून पाहा. उंचसखल दिसली तर पुन्हा कापा. मग खोचा. सर्वात उंच जागी टोक क्रीमच्या बरोबरीने हवं, फार तर एक मिलिमीटर वर. काडी आखूड राहिली तर वजन क्रीमवर येतं आणि क्रीम बाजूने बाहेर पडायला लागतं.

आता रिकामा बोर्ड काड्यांवर ठेवा आणि त्यावर पाणसळ धरा. गवंड्याकडची छोटी असली तरी चालते, मोबाइलमधलीही चालते. एका दिशेने पाहून झालं की काटकोनात फिरवून पुन्हा पाहा. बुडबुडा मधोमध आला की आधार तयार झाला.

पहिल्या खऱ्या ऑर्डरआधी एकदा साध्या, न सजवलेल्या स्पंजवर हा सगळा सराव करा. काड्या खोचून, बोर्ड ठेवून त्यावर दोन किलो साखरेचं पाकीट तासभर ठेवा. बोर्ड होता तिथेच राहिला तर तुमचा हात बसला.

रचणं

वरचा मजला फ्रिजमधून काढल्याबरोबर रचा. काड्यांच्या वर्तुळात थोडं क्रीम किंवा गनाश लावा, ते चिकटवायला. मजल्याखाली दोन रुंद पॅलेट नाइफ समोरासमोरून सरकवून उचला. एक कड आधी ओढलेल्या रेघेवर टेकवा, मग हळूच दुसरी बाजू खाली सोडत एक एक नाइफ काढून घ्या. जागा थोडी चुकली तर पहिल्या मिनिटातच बोर्डाला धरून सरकवा. क्रीम धरलं की हात लावू नका.

उभ्या काड्या वजन पेलतात, पण आडवा धक्का त्या थांबवू शकत नाहीत. केक रचलेल्या अवस्थेत गाडीतून न्यायचा असेल तर मधली दांडी हवीच. सहा ते आठ मिलिमीटरची लाकडी दांडी, एक टोक तासलेलं, एकूण उंचीपेक्षा अर्धा इंच कमी. ती वरून बोर्डांच्या भोकांतून खाली उतरवा आणि बेसच्या भोकात घट्ट बसवा. वरचं भोक फुलाखाली झाकलं जातं. तीन मजल्यांसाठी बेसलाच खालून स्क्रूने बसवलेली दांडी असलेला स्टँड बनवून घ्यावा. सुताराकडे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि तो वर्षानुवर्षं वापरता येतो. दांडीला फूड ग्रेड नळी किंवा क्लिंग रॅप गुंडाळायला विसरू नका.

जोडावरची फट पायपिंगने, मोत्यांनी किंवा फुलांनी झाकली की रचणं झालं. फुलांबद्दल एवढंच: दिंडोरी तालुक्यातल्या पॉलिहाऊसचे गुलाब दिसायला देखणे असतात, पण ते खाण्यासाठी पिकवलेले नसतात, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. देठाला टेप गुंडाळा, देठ थेट केकमध्ये खोचू नका. कण्हेर विषारी आहे, ती केकच्या जवळपासही नको.

उन्हाळा, पावसाळा, थंडी

एप्रिल-मेमध्ये नाशिकचं दुपारचं तापमान चाळिशीला टेकतं आणि लग्नसराई तेव्हाच जोरात असते. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांदरम्यान वितळतं, म्हणजे उघड्या लॉनवर बटरक्रीम दुपारी टिकणार नाही. या दिवसांत नॉन-डेअरी व्हिप क्रीम किंवा घट्ट गनाश घ्या. डार्क चॉकलेटला एरवी दोन भाग चॉकलेट आणि एक भाग क्रीम पुरतं, उन्हाळ्यात चॉकलेट अडीच ते तीन भाग करा. व्हाइट चॉकलेटला एरवीच तीन भाग लागतात. महावितरणचा वीज बंद राहण्याचा मेसेज आला आहे का, ते आदल्या दिवशी पाहा.

पावसाळ्यात फाँडंट घाम सोडतं. फ्रिजमधून काढल्यावर त्यावर थेंब दिसले तर पुसू नका, पंख्याखाली तसंच राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा, काम सर्वात सोपं.

गाडी

दोन मजली केक थंड करून, मधल्या दांडीसह, रचलेलाच नेता येतो. तीन मजली वेगवेगळ्या खोक्यांत न्या आणि हॉलवर रचा. गंगापूर रोडवरून छत्रपती संभाजीनगर रोडच्या एखाद्या लॉनवर जायचं तर वाटेत किती गतिरोधक आणि किती सिग्नल लागतात ते आठवा. द्वारका चौकात संध्याकाळी अडकलात तर वेळेचा हिशोबच बिघडतो. कार्यक्रमाच्या दीड-दोन तास आधी पोचायचं धरून निघा.

केक सीटवर ठेवू नका, सीट मागे कललेली असते. डिकीचा सपाट भाग किंवा पुढच्या सीटसमोरची जमीन, खाली घसरू न देणारी रबरी मॅट. एसी निघण्याआधी दहा मिनिटं सुरू करा. चालवणाऱ्याला स्पष्ट सांगा: ब्रेक हळू, वळण हळू, गतिरोधकावर पहिला गिअर. दुचाकीवरून किंवा रिक्षातून मजल्यांचा केक पाठवायचा विचार करू नका, सततच्या थरथरीने काड्यांभोवतीची भोकं मोठी होतात.

सोबत एक पिशवी असू द्या: आइस बॉक्समध्ये त्याच रंगाच्या क्रीमची पायपिंग बॅग, दोन पॅलेट नाइफ, जास्तीच्या काड्या, कात्री, पाणसळ, टिश्यू, थोडी फुलं.

हॉलवर

केक खोक्यातून काढण्याआधी टेबल तपासा. लॉनवरची जमीन क्वचितच सपाट असते, आणि साटीनच्या झालरीखाली टेबलाचा पाय डुगडुगतो हे दिसत नाही. पाणसळ ठेवा, गरज असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारा. डीजेचे स्पीकर शेजारीच असतील तर टेबल हलवायला सांगा. स्पीकरच्या खोल ठोक्यांनी मजले कणाकणाने सरकतात. यजमान ऐकतात, फक्त सौम्यपणे आणि आधी सांगावं लागतं: ‘दादा, केक इथे सुरक्षित राहणार नाही, जरा त्या कोपऱ्यात घेऊया का?’ वारा आणि हॅलोजनचा थेट झोतही टाळा.

रचल्यावर मजला कललेला दिसला तर वरून दाबू नका. जवळजवळ नेहमी एखादी काडी आखूड असते किंवा बेसपर्यंत टेकलेली नसते. दांडी असेल तर ती आधी काढा, दोन नाइफनी मजला उचलून बाजूच्या बोर्डावर घ्या, काडी बदला, पुन्हा पाणसळ लावा आणि मगच ठेवा. बाजूने क्रीम फुगलं असेल तर आधी केक थंड करा, गरम क्रीमवर स्क्रॅपर फिरवला की ते आणखी ओघळतं.

कापताना

निघण्याआधी कापणाऱ्याला शोधा, मग तो केटररचा माणूस असो की घरची मावशी. त्यांना सांगा, आणि कागदावर लिहूनही द्या, की कुठल्या मजल्यात किती काड्या आहेत आणि मधे दांडी आहे का. नवरा-नवरी किंवा वाढदिवसाचं बाळ ज्या मजल्याला सुरी लावेल, त्याच्या समोरच्या कडेत काडी नसेल अशा बाजूने केक फिरवून ठेवा. फोटो झाले की आधी सुटी दांडी असेल तर ती वर ओढायची, मग वरचा मजला बोर्डासह उचलून बाजूला घ्यायचा, मग खालच्या मजल्यातल्या काड्या एक एक करून सरळ वर काढायच्या. काड्यांची संख्या कागदावरच्या आकड्याशी जुळल्यावरच खालच्या केकचे तुकडे करायला घ्यायचे. बेस, दांडी आणि डॉवेल दुसऱ्या दिवशी परत न्यायला येणार हे ऑर्डर लिहितानाच ठरवून ठेवा, आणि स्टँडसाठी अनामत घ्या.